डिस्टल रेडियस: वायर की प्लेट?

रेसिडेंट_नागपूर
बाई, वय ५८, उजवं मनगट. डिस्टल रेडियसचं (अंगठ्याकडच्या हाडाचं मनगटाजवळचं टोक) फ्रॅक्चर सांध्याबाहेरचं, पण मागच्या बाजूला बराच चुरा. ओढून बसवून प्लास्टर दिलं होतं. आठव्या दिवशीच्या एक्स-रेत पुन्हा सरकलंय. डॉर्सल टिल्ट (हाडाच्या टोकाचा मागे, हाताच्या पाठीकडे कल) १८ अंश, रेडियस ४ मिमी आखूड. कातडीतून घातलेल्या वायरवर भागेल का? प्लेट लावली तर टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) कशामुळे तुटतात?

धंतोलीकर
टिल्ट १० अंशांच्या आणि आखूडपणा ३ मिमीच्या वर गेला की या वयात ऑपरेशनचा विचार करायचाच. वायरला नावं ठेवू नका. न उघडता हाड नीट बसत असेल तर वर्षभराने हात प्लेटइतकाच चालतो, हे ब्रिटनमधल्या २०१४ च्या 'ड्राफ्ट' चाचणीत दिसलंय. पण ठिसूळ हाड आणि मागे चुरा असला की वायरवर ते हळूहळू दबत जातं. इथे मी समोरून, म्हणजे तळहाताच्या बाजूने, लॉकिंग प्लेटच (जिच्यात स्क्रू प्लेटलाच घट्ट बसतात) लावेन.

एफसीआरच्या (मनगट वाकवणारा टेंडन) शीथमधून, म्हणजे आवरणातून, आत जा, टेंडन अल्नाकडे (करंगळीकडचं हाड) ओढा, प्रोनेटर क्वाड्रेटस (हाडावरचा आडवा स्नायू) रेडियल, म्हणजे अंगठ्याकडच्या, कडेवरून उचला. तुकडा हलत नसेल तर ब्रॅकिओरेडिआलिस स्नायू सोडवा, तोच स्टायलॉइडला (रेडियसचं टोकदार टोक) कोपराकडे खेचत असतो. पहिला स्क्रू प्लेटच्या लांबट भोकात, अर्धवट कसलेला. म्हणजे प्लेट वर-खाली सरकवता येते.

आता टेंडन. प्लेट वॉटरशेड रेषेच्या (हाडाच्या समोरच्या बाजूचा, सांध्यालगतचा उंचवटा) पुढे गेली की एफपीएल (अंगठ्याचं टोक वाकवणारा टेंडन) तिच्या कडेवर घासतो. कधी प्लेट जागेवरच असते, पण टिल्ट पुरता सुधारलेला नसल्याने तिची कड उचललेली राहते. मागे ईपीएल (अंगठा वर उचलणारा टेंडन) तुटतो तो लांब स्क्रूने. चुऱ्यात डेप्थ गेजला (भोकाची खोली मोजायचं साधन) पकड मिळत नाही, म्हणून मापापेक्षा २ मिमी आखूड स्क्रू घाला. लॉकिंग स्क्रूला पलीकडचं कॉर्टेक्स (हाडाची कठीण भिंत) लागत नाही. साध्या लॅटरलवर (बाजूने घेतलेला एक्स-रे) विसंबू नका बाप्पा, लिस्टर ट्यूबरकलच्या (रेडियसच्या मागचा उंचवटा) आड टोकं लपतात. मनगट पूर्ण वाकवून स्कायलाइन व्ह्यू (हाडाच्या मागच्या कडेला समांतर एक्स-रे) घ्या. स्क्रू सांध्यात शिरलाय का हे पाहायला हात २० अंश उचलून लॅटरल.

सक्करदरा_फिजिओ
वायरच लावल्या तर एक लक्षात घ्या: त्या चार ते सहा आठवडे राहतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात प्लास्टरखाली घाम मुरून वायरची तोंडं चिघळतात. वायर असो की प्लेट, बोटं मात्र ऑपरेशनच्या दिवसापासूनच हलवायची, पूर्ण मूठ वळेपर्यंत. तपासणीत तळवा टेबलावर ठेवून अंगठा वर उचलायला सांगा; उचलला नाही तर ईपीएल गेला. अंगठ्याचं टोक वाकत नसेल तर एफपीएल.

रेसिडेंट_नागपूर
अल्ना स्टायलॉइडही (अल्नाचं मनगटाकडचं टोक) तुटलंय. तेही फिक्स करायचं?

धंतोलीकर
बहुधा नाही. प्लेट झाल्यावर टेबलावरच डीआरयूजे (मनगटाजवळचा रेडियस-अल्नाचा सांधा) हलवून बघा, दुसऱ्या हाताशी ताडून. घट्ट असेल तर स्टायलॉइडला हात लावू नका. आणि डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) लिहून द्या, हे नेमकं राहून जातं.