फ्युएल सेलच्या गाडीत हवा दाबण्यावर एवढी वीज का घालवायची?

दाबमापी: माझ्या मते हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज बनवणाऱ्या या गाड्यांत हवेचा दाब गरजेपेक्षा जास्त ठेवतात. स्टॅक, म्हणजे सेलची चळत, ८० किलोवॅटचा आणि कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर सेकंदाला साधारण १.३ ग्रॅम हायड्रोजन लागतो. हवा त्या हायड्रोजनला लागते त्याच्या दुप्पट सोडली की ती होते ९० ग्रॅम. ती अडीच बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब) दाबायला कॉम्प्रेसर १२-१३ किलोवॅट खातो! दीड बारवर पाच-साडेपाचात भागतं. व्होल्टेज मात्र दाबाच्या लॉगॅरिदमने वाढतं, म्हणजे किरकोळच.

ओला पडदा: व्होल्टेजचं सोडा, पाण्याचं काय? स्टॅक चालतो त्या ८० अंशांना वाफेचा दाब ०.४७ बार असतो. दीड बारवर, हवा संपृक्त, म्हणजे मावेल तेवढ्या वाफेने भरलेली असेल तर, तिचा जवळपास तिसरा हिस्सा वाफच. ऑक्सिजनला जागा कुठे उरली? शिवाय दुप्पट हवा धरली तर बाहेर पडणारी हवा स्टॅकमध्ये तयार होणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वाफ नेऊ शकते. सेलमधला पडदा ओला असेल तरच नीट चालतो; तो कोरडा पडतो, विजेचा रोध वाढतो. अडीच बारवर हेच गणित जेमतेम जुळतं. तुम्ही वाचवलेली वीज हवा ओली करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या आकारात आणि वजनात भरून द्यावी लागेल.

दाबमापी: मग तापमान उतरवा. ६५ अंशांना वाफेचा दाब ०.२५ बार, दीड बारवरही पाणी पुरतं.

ओला पडदा: आणि रेडिएटर? पेट्रोल इंजिनाची बरीच उष्णता धुराड्यातून जाते, इथे जवळपास सगळी रेडिएटरच्या पाण्यातून काढायची. बाहेर ३५ अंश असताना ८० वरून ६५ वर आलात की फरक ४५ चा ३० होतो. रेडिएटर दीडपट. बॉनेटखाली तेवढी जागा दाखवा.

चढ-उतार: दोघेही पूर्ण भाराचं बोलताय. गाडी बहुतेक वेळ त्याच्या बऱ्याच खाली चालते, तेव्हा उष्णता कमी, तापमान उतरवता येतं आणि दाबही. भाराप्रमाणे दाब बदलला की भांडणाचा निम्मा मुद्दा गळतो. अडचण वेगळीच: सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरला कमी प्रवाहात जास्त दाब मागितला की तो सर्जमध्ये जातो, हवा मागे उसळते. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, तोवर ऑक्सिजन अपुरा पडून सेलचं नुकसान होतं. तेवढा वेळ बॅटरीने ओढायचा.

दाबमापी: भाराप्रमाणे बदलायला माझी हरकत नाही. पण पूर्ण भारालाही बाहेर पडणाऱ्या हवेवर टर्बाइन बसवून खर्चाचा तिसरा हिस्सा तरी परत घ्या, मग अडीच बारबद्दल बोलू.

ओला पडदा: घ्या की, पण त्या थंड, ओल्या हवेतले थेंब टर्बाइनच्या पात्यांवर आदळणार, ते कोण सांभाळणार?