वेळ जास्त, तरी वीज कमी
‘फ्रंट लोड, म्हणजे पुढे दार असलेल्या वॉशिंग मशीनला दोन-दोन तास लागतात, मग वरून कपडे टाकायच्या मशीनपेक्षा वीज वाचते कशी?’ असं एकाने विचारलंय. वीज खरी जाते ती पाणी तापवायला. मोटर त्यामानाने फार कमी खाते. फ्रंट लोडमध्ये कपडे तळाच्या थोड्याशा पाण्यातून उचलून आपटले जातात, म्हणजे पाणी कमी आणि तापवायचंही कमी. माझं कळकळीचं सांगणं, रोजच्या कपड्यांना ६० अंश नकोच, ३० पुरे. कॉलरला आधी साबण चोळून ठेवा, मळ निघतो. मशीन घरातल्या माणसांच्या हिशेबाने घ्या, मोठं घेऊन अर्धं रिकामं फिरवलं तर बचत कसली? आणि पावडर मोजूनच घाला. शेवटच्या पाण्यातही दाराच्या काचेवर फेस दिसला तर ती जास्त झालीय.