मदत हवी आहे: इंदूरच्या गच्चीत स्पायरियाला फूल का येत नाही?

मंडळी, माझ्याकडे व्हॅनहौटेई जातीचा स्पायरिया आहे. गुलाबाच्याच कुळातलं पानगळीचं झुडूप, वसंतात वाकलेल्या फांद्यांवर पांढरे झुपके धरणारं. तीन वर्षांपूर्वी मसुरीहून रोप आणलं. राजेंद्रनगरला, पूर्वेच्या गच्चीत, 16 इंची कुंडीत आहे. वाढ जोमदार, पण आजवर एकही कळी नाही.

काळी माती, वाळू आणि शेणखत सारखं घेतलंय. पाणी बोअरचं, जड. पावसाळ्यानंतर कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्यागार. लोहाची कमतरता वाटली म्हणून चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) दोनदा फवारलं. नवी पानं हिरवी आली. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधतो. कीड नाही.

चूक बहुधा छाटणीत झाली. गुलाबांबरोबर दर ऑक्टोबरात यालाही कात्री लावत होतो. हे झुडूप मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतं आणि त्याची छाटणी बहर संपल्यावर लगेच करायची असते, हे आत्ता कळलं. म्हणजे दरवर्षी मीच कळ्या कापल्या! फार वाईट वाटलं. यंदा हात लावलेला नाही.

पण धास्ती आहे ती फुलायला लागणारी थंडी कमी पडण्याची. आपल्याकडे जानेवारीतल्या रात्री साधारण 10 अंशांच्या आसपास, त्याही थोड्याच. जमिनीत लावायला जागा नाही आणि फ्रिजमधला बर्फ कुंडीत घालण्यासारखे उपाय मला करायचे नाहीत.

इंदूर, उज्जैन, देवास या भागात कोणाकडे हा स्पायरिया प्रत्यक्ष फुललाय का? फुलला असेल तर झुडपाला हिवाळी विश्रांती मिळावी म्हणून डिसेंबरात पाणी किती तोडलं होतं, आणि पानं आपोआप गळली की हाताने काढावी लागली?