डावी कोल्हापुरी (सोसायटी ग्रुप, इंदूर)

ए-१०२ काका: सकाळी फिरायला निघालो तर डावी कोल्हापुरी अंगठ्यापाशी कुरतडलेली, पट्टा गायब. उजवी शाबूत. कोणाचा पराक्रम?

ए-३०४: काका, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाचा, जीरूचाच. दूध घ्यायला दार उघडलं तेवढ्यात निसटला. खूप सॉरी. नव्या जोडीचे पैसे मी देते.

ए-१०२ काका: पैशांचं सोड गं. परवा माझा मोजा, त्याआधी बी विंगच्या सायकलचं सीट. हे थांबणार केव्हा?

बी-२०१: भिया, चपलांना मिरचीपूड चोपडा. ग्वाल्हेरला आमच्या आजोळी तेच करायचे.

सी-४०२ काकू: मिरची अजिबात नको. त्याच्या डोळ्यांत-नाकात जाईल आणि तोच हात लावून आपली नातवंडं डोळे चोळतील. जीरू केवढ्याचा झाला?

ए-३०४: साडेचार महिन्यांचा.

सी-४०२ काकू: मग दात पडतायत त्याचे. २८ दुधाचे जाऊन ४२ पक्के येतात. सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत हिरड्या शिवशिवणार आणि तो चावणार. झाडताना दात सापडला असेल बघ, तांदळाच्या दाण्याएवढा.

ए-३०४: अय्या, काल सापडलं होतं काहीतरी! मी पोह्यातला खडा समजून फेकलं. पण काकू, त्याला खेळायला आमची जुनी स्लीपर दिलीय, तरी दुसऱ्यांच्या का लागतात?

सी-४०२ काकू: तिथेच तर घोटाळा आहे. ही जुनी, ती नवी, ती काकांची, हे त्याला कसं कळणार? पायाचा वास येतो ती चप्पल आपली, एवढंच तो शिकला. ती स्लीपर आजच कचरागाडीत टाक, सुक्यात.

बी-२०१: मग काकांची उजवीही त्यालाच देऊन टाका, जोडी पूर्ण होईल 😄

ए-१०२ काका: 😡

सी-४०२ काकू: टायपायला वेळ लागतो, दम धरा. आमच्याकडे दोन वाढली, त्यातल्या एकाने टीव्हीची वायर चावली होती. प्लग काढलेला होता म्हणून वाचला. तेव्हा चार्जर, वायरी आधी वर. गाजर धुऊन फ्रीजरमध्ये ठेव आणि गार गार चावायला दे, हिरड्यांना बरं वाटतं. ओल्या नॅपकिनला पीळ देऊन गोठवला तरी चालतो, पण आपण समोर बसायचं, धागे निघायला लागले की काढून घ्यायचा. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवला तर अर्धा तास घरात शांतता. खेळणं घेताना नख दाबून बघ. नख जराही रुतत नसेल तर ते दात मोडेल. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. तोंडात चप्पल दिसली की मागे धावू नकोस, त्याला तो खेळच वाटतो. त्याला आवडेल असं काही पुढे कर, सोडली की शाबास म्हण. फक्त आपल्या सवयीने लसणाची शेव नको. कांदा-लसूण, बेदाणे, चॉकलेट त्याला बाधतं.

बी-२०१: आणि दोन रट्टे?

सी-४०२ काकू: कशासाठी? तासाभरापूर्वीच्या चपलेचा हा मार, हे त्याला कळत नाही. कान पाडून बसतो ते तुमचा चढलेला आवाज ऐकून, आपण म्हणतो बघा कसा ओशाळलाय. पावसामुळे फिरवणं बंद असेल ना गं?

ए-३०४: हो, आठवडा झाला 🙈

सी-४०२ काकू: पार्किंगमध्ये तरी ने. हुंगू दे दहा मिनिटं खांब न् खांब. आणि काका, पट्टा गायब म्हणालात. मोजा सापडला होता का?

ए-१०२ काका: मोजा कुंपणापाशी मिळाला. पट्टा नाही.

सी-४०२ काकू: मग आधी पट्टा शोधा! गिळला असेल तर आतड्यात अडकू शकतो. जीरू जेवला का? उलटी?

ए-३०४: उलटी नाही, काकू. खाल्लं थोडंसंच. घाबरवू नका ना.

सी-४०२ काकू: घाबरू नको, पण पट्टा मिळाला नाही तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखव.

बी-२०१: लिफ्टपाशी नाही. गच्चीवर बघतो.

ए-३०४: सोफा ओढला. एक चेंडू, माझी क्लिप आणि अर्धं पेन मिळालं. पट्टा नाही 😟

ए-१०२ काका: मिळाला. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यातल्या तुळशीच्या कुंडीमागे. उजव्या चपलेच्या पट्ट्याला लावून पाहिला, अख्खा आहे. चिकट मात्र झालाय. मोच्याकडे निघालोय, येताना गाजरं आणतो.