जुनी फ्लॉपी चालायची तरी एलएस-१२० आपटलीच, मग कंपॅटिबिलिटीचं कौतुक कशाला?

राजवाडा७४: लोक म्हणतात जुन्याशी जुळतं तेच टिकतं. मग एलएस-१२० चं, त्या फ्लॉपीसारख्याच पण मोठ्या डिस्कचं, काय झालं सांगा. १२० एमबी, म्हणजे १०० एमबीच्या झिप डिस्कपेक्षा २० जास्तच, शिवाय त्याच ड्राइव्हमध्ये आपली १.४४ एमबीवाली फ्लॉपीही चालायची. झिपमध्ये फ्लॉपी जायचीच नाही, तरी गाजला झिपच. जो आधी येतो तो बाजार मारतो, बाकी सगळ्या गप्पा.

छत्रीबागकर: भिया, जरा थांबा. फ्लॉपी ड्राइव्ह तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरला होताच, मग अजून एकात फ्लॉपी चालते याचं कुणाला काय? झिप १९९५ ला आला, एलएस-१२० त्याच्यानंतर आली, तोवर डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांकडे, झिप बसलेला. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत एक स्कॅन केलेला फोटो टाकला की १.४४ मध्ये मावायची नाही, आणि छापखानेवाला म्हणणार झिपवरच आणा. समोरच्याकडे काय आहे ते बघायचं, तीच कंपॅटिबिलिटी.

पलासियावाली: झिपला इतकं डोक्यावर घेऊ नका, ड्राइव्ह बिघडला की यायची ती टकटक विसरलात वाटतं. १९९८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी झिप बनवणाऱ्या आयोमेगाला कोर्टात खेचलं होतं त्यावरून. बिघडलेल्या ड्राइव्हने डिस्क खराब व्हायची, आणि तीच डिस्क दुसऱ्याच्या धडधाकट ड्राइव्हमध्ये घातली की कधी कधी तोही गारद! सगळीकडे चालायची ना, मग रोगही सगळीकडे 😄 पुढे ७५० एमबीचा झिप ७५० आला तर त्यात १०० ची डिस्क नुसती वाचता यायची, लिहिता नाही. घरच्याच डिस्कची ही गत.

सुदामानगर_फोटो: कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांचंही तेच चाललंय. २००६ चं जास्त जागेचं एसडीएचसी कार्ड दिसायला हुबेहूब जुनं एसडी कार्ड, पण जुन्या रीडरला ते कळतच नाही. आणि गिऱ्हाइकाला लग्नाचं शूटिंग ६४ जीबीच्या कार्डावर दिलं की घरून फोन येतो, टीव्हीवर काही दिसत नाही हो, कारण कार्ड एक्सफॅट या नव्या फॉरमॅटचं आणि टीव्ही जुना. बरं एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये करून द्यावं तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, मग वरातीचे तुकडे करत बसा.

राजवाडा७४: घ्या, एफएटी३२ १९९६ ची आणि आजही जुन्या टीव्हीला तीच लागते. आधी आलेलंच जिंकतं, मी काय वेगळं म्हणतोय?

छत्रीबागकर: मग सोनीचं स्वतःचं कार्ड, मेमरी स्टिक, १९९८ ची, एसडी १९९९ चं. २०१० ला सोनीलाच आपल्या कॅमेऱ्यांत एसडी घ्यावं लागलं. ते कसं काय?

राजवाडा७४: ती महाग होती.

पलासियावाली: आता महाग आठवलं यांना 😄