मदत हवी आहे: आईची अल्झायमरसाठीची पी-टाऊ २१७ रक्ततपासणी करावी का?

आई ७२ वर्षांची. वर्षभरापासून विसरायला लागली आहे. परवा कॅलेंडरवर एकाच तारखेला 'दूध घेतले' असं तीनदा लिहिलेलं दिसलं, तिन्ही वेळा तिच्या त्याच वळणदार अक्षरात. पोटात गलबललं.

बी १२, थायरॉइड, एमआरआय झालं. डॉक्टर म्हणाले, एमसीआय (स्मरणशक्ती-विचारशक्तीतली सौम्य घट) आहे, पी-टाऊ २१७ करून बघू.

मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) साठू लागलं की पी-टाऊ २१७ हे दुसरं प्रथिन रक्तात वाढतं, एवढं मला समजलंय. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड ४२ यांच्या गुणोत्तराच्या चाचणीला मान्यता दिली, तीही लक्षणं असलेल्यांसाठीच. अडचण अशी की आईचं क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) १.८ म्हणजे वाढलेलं आहे, आणि किडनी कमजोर असली की पी-टाऊ २१७ चा आकडा तसाही चढा येतो.

कुणाच्या घरी असं होतं का? मग रिपोर्टवर कितपत विसंबलात? पुढे पेट स्कॅन (मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारा) केला, की पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं? आणि घसरण किती वेगाने होईल, याचा काही अंदाज आला का?

आई सारखी विचारते, "मला काय झालंय ते खरं सांग." सांगणारच आहे, पण चुकीच्या आकड्यावरून नाही.