संधिवात संशोधन केंद्राचा समन्वयक डॉक्टरच हवा का?

सांगलीवाडीकर:
विद्यापीठाचं संधिवात संशोधन केंद्र आपल्या भागात निघावं असं बऱ्याच जणांना वाटतं. जरूर निघावं. पण समन्वयक पूर्णवेळ हवा, गावोगाव फिरलेला. ओपीडी, लेक्चर, परीक्षा सांभाळून 'अतिरिक्त कार्यभार' घेतलेले प्राध्यापक नकोत. अशा एका प्रकल्पावर (नाव नको) मी दोन वर्षं काढली. साहेबांनी फॉलोअपच्या तारखा फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकल्या. तासगाव पट्ट्यातल्या बायका तेव्हा द्राक्षकाढणीत. रोजंदारी बुडवून कोण येणार? निम्म्याही आल्या नाहीत. १९९६ ला पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला संधिवाताची पाहणी झाली ती घरोघरी जाऊन. आमवाताचं (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचाच एक प्रकार) प्रमाण साधारण अर्धा टक्का, हा आकडा त्यातून मिळाला.

रात्रपाळी:
भिगवणचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्यामागे डॉ. अरविंद चोप्रा होते, संधिवाततज्ज्ञ. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने बोटं सुजलेले पेशंट मी रोज बघते. तज्ज्ञाविना ते सगळे आमवातात धरले जातील, मग बसा आकडेवारी करत.

सांगलीवाडीकर:
निदान तुम्हीच करा हो. समन्वय वेगळा. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा पाठपुरावा, पेशंटला कळेल असं मराठी संमतीपत्र, उणे ८० अंशांवरचे नमुने, लाइट गेली की जनरेटरला डिझेल. आमचा डीप फ्रीझर तळमजल्यावर होता. २०१९ चा पूर आला. पुढचं सांगत नाही.

रात्रपाळी:
मग हे ऐका. आमवात ओळखायला आम्ही विचारतो, 'सकाळी सांधे किती वेळ आखडतात?' एका आजींचं उत्तर, 'चहा होईपर्यंत.' तुमच्यासारख्याच एका फिरत्या कार्यकर्त्याने फॉर्मवर १५ मिनिटं लिहिलं. मी विचारलं, चहा कधी होतो? म्हणाल्या, 'पाचला उठते, पण काडी ओढायला बोटं वळत नाहीत. सातला सून उठते, ती करते.' दोन तास! आता सांगा, फॉर्म कुणाच्या हातात द्यायचा?

हळदबाजार:
तुमचं चालू द्या. माझ्या आईला मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे कुणी धड सांगितलं नाही. तिने रोज घेतली. तोंड आलं, रक्तातल्या पेशी उतरल्या, आठ दिवस मिरजेत ॲडमिट. समन्वयक कुणीही करा, आधी पाकिटावर वार लिहून देणारा माणूस नेमा.

सांगलीवाडीकर:
आमच्याकडे ते काम एक मुलगी करायची. लाल पेनाने 'सोमवार' लिहायची, वर पेशंटकडून वदवून घ्यायची. पगार डेटा एंट्रीचा.

रात्रपाळी:
करा तिला समन्वयक, माझी हरकत नाही. सही मात्र माझीच लागेल.

सांगलीवाडीकर:
आला परत अतिरिक्त कार्यभार!